गोळी अर्धी करताना

मला पॉलीमायल्जिया रुमॅटिका आहे. नाव लांबलचक आहे, आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलंही नसतं, आणि हा आजार पन्नाशीच्या आत सहसा होत नाही, बायकांना जास्त होतो. दोन्ही खांदे, मान, कंबर, मांड्या सकाळी इतक्या आखडतात की पलंगावर कूस बदलायची म्हटलं तरी आधी मनाची तयारी करावी लागते, केस विंचरायला हात वर जात नाही, कमोडवरून उठताना भिंतीला धरावं लागतं, आणि दुपारी बारानंतर जरा मोकळं वाटायला लागलं की आपल्यालाच शंका येते की सकाळचं सगळं खरं होतं ना. एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. त्यामुळे आधी फ्रोजन शोल्डर झालं, मग व्हिटॅमिन डी झालं, मग "वय झालं आता" हेही ऐकून झालं. शेवटी रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टर, मॅडमनी ईएसआर आणि सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या बघितल्या, सकाळची आखड किती वेळ टिकते ते नीट विचारलं, आणि प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी 15 एमजी लिहून दिली, सकाळी नाश्त्यानंतर एकदाच.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस मी कधी विसरणार नाही. मी सकाळी उठले आणि उठून बसल्यावर लक्षात आलं की आपण उठलो! ह्यांनी चहा ठेवला होता, मी स्वतः जाऊन वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढला आणि दोघंही त्या डब्याकडे बघत राहिलो. ज्यांना हे दुखणं माहीत नाही त्यांना डब्याचं काय एवढं असं वाटेल, पण मला तेव्हा वाटलं की आता झालं, सुटले, महिनाभर गोळ्या घेऊ आणि बंद करू. मॅडमनी त्याच भेटीत सांगितलं होतं की ही गोळी वर्ष-दीड वर्ष तरी चालेल, कदाचित जास्त, आणि ती फार हळूहळू कमी करावी लागेल. पण दुखणं ऐन भरात असताना माणसाला फक्त "बरं वाटेल" एवढंच ऐकू येतं, पुढचं वाक्य कानावरून जातं. म्हणून मला वाटतं की ते पुढचं वाक्य डॉक्टरांनी दोनदा सांगावं, एकदा सुरुवातीला आणि एकदा बरं वाटायला लागल्यावर, कारण कमी करण्याचे महिने हेच या ट्रीटमेंटमधले खरे मोठे महिने असतात आणि त्याबद्दल घरात कुणालाच काही माहीत नसतं.

हे औषध आलं कुठून ते मी नंतर वाचलं. 1948 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत, मिनेसोटातल्या रोचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये, फिलिप हेंच या डॉक्टरांनी रुमॅटॉइड आर्थ्रायटिसने आखडून गेलेल्या 29 वर्षांच्या एका बाईला रोज 100 एमजी कॉर्टिसोनचं, म्हणजे माझ्या गोळीच्याच जातीच्या आधीच्या औषधाचं, इंजेक्शन सुरू केलं. तिला धड चालता येत नव्हतं, आणि काही दिवसांतच ती बाजारात जाऊन खरेदी करून आली. आजच्या हिशोबाने तो डोस साधारण 20 एमजी प्रेडनिसोलोनएवढा होतो, म्हणजे माझ्यापेक्षा थोडाच जास्त. हेंच यांना कितीतरी आधी, 1929 मध्ये, एक गोष्ट खटकली होती की संधिवाताच्या पेशंटला कावीळ झाली की त्याचे सांधे तेवढ्यापुरते सुधारतात, गरोदरपणातही सुधारतात, म्हणजे शरीरातच कुठेतरी हे थांबवणारं काहीतरी आहे. ते काय आहे हे हातात यायला जवळजवळ वीस वर्षं गेली. 1950 मध्ये हेंच आणि या औषधामागचे रसायनशास्त्रज्ञ केंडल आणि राइशश्टाइन या तिघांना नोबेल मिळालं. मला या गोष्टीतली ती बाईच जास्त लक्षात राहते, आणि तिच्यासारखे ते पहिले काही पेशंट, कारण इंजेक्शन थांबलं की दुखणं परत येत होतं आणि चालू ठेवलं तर चेहरा सुजणं, मन ताळ्यावर न राहणं असले त्रास दिसायला लागले होते. मधला रस्ता तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. आपण ज्या टेपरवर, म्हणजे गोळी हळूहळू कमी करत नेण्यावर, आज वैतागतो तो टेपर या लोकांच्या हालांतून पुढे शिकला गेला.

आता आपल्याकडची गोष्ट. स्टेरॉइड हा शब्द घरात उच्चारला की लगेच सल्ले सुरू होतात. माझ्या नणंदबाईंनी फोनवरच सांगितलं, "वहिनी, ते स्टेरॉइड आहे हां, लवकर बंद करा, किडन्या जातात." शेजारच्या काकूंनी आयुर्वेदाचं नाव दिलं, भाच्याने व्हिडिओ पाठवला. मी कुणालाही दोष देत नाही. 2021 च्या कोविडच्या त्या एप्रिल-मेमध्ये आपल्या महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने, काळ्या बुरशीने, किती घरांत काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा काढावा लागला, आणि त्यात वाढलेली शुगर आणि गरजेपेक्षा जास्त स्टेरॉइड हे दोन्ही होते. ती भीती खरी आहे. पण त्याच्या आदल्याच वर्षी, जून 2020 मध्ये, ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलने दाखवलं होतं की रोज फक्त 6 एमजी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, जास्तीत जास्त दहा दिवस, एवढ्याने व्हेंटिलेटरवरच्या कोविडच्या पेशंटमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. औषध तेच होतं, कुणाला, किती आणि किती दिवस यावर सगळं होतं. आणि "लवकर बंद करा" हा सल्ला माझ्यासारख्या, महिनोन्महिने गोळी घेतलेल्या माणसाला दिला तर तो स्टेरॉइडपेक्षाही धोक्याचा ठरू शकतो, हे मला अगदी मनापासून सांगायचंय.

का, ते सांगते. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या वर एकेक अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते, जेमतेम चार-पाच ग्रॅमची. ती रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवते, पहाटेपासून वाढत जाऊन सकाळी आठच्या सुमाराला सगळ्यात जास्त, रात्री सगळ्यात कमी. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी तिला हुकूम सोडते आणि पिट्युटरीला त्याच्या वरचा हायपोथॅलॅमस. रक्तात पुरेसं कॉर्टिसॉल दिसलं की वरून हुकूम थांबतो. आता रोज सकाळी बाहेरून 15 एमजी प्रेडनिसोलोन येतंय म्हटल्यावर वरच्यांना वाटतं की भरपूर आहे, ते गप्प बसतात, आणि हुकूमच न आल्याने अ‍ॅड्रिनल हळूहळू आक्रसत जाते. माझं माहेर येवला तालुक्यातलं, तिथे लहानपणापासून बघितलंय की गावाला टँकर लागला की विहिरीकडे कुणी फिरकत नाही, उपसा बंद होतो, झरे गाळाने भरतात, आणि मग एका दिवशी टँकर बंद झाला म्हणून त्याच दिवशी विहिरीला पाणी येत नाही. गाळ काढावा लागतो, थोडं थोडं उपसत राहावं लागतं. मला मॅडमनी आकृती काढून समजावलं होतं ते डोक्यात बसलं नाही, हे मात्र पक्कं बसलं.

1952 सालीच अमेरिकेत ही गोष्ट फार वाईट रीतीने कळली होती. संधिवातासाठी काही महिने कॉर्टिसोन घेतलेल्या एका तरुण माणसाचं ऑपरेशन झालं, त्याचं ब्लड प्रेशर खाली गेलं ते परत वर आलंच नाही, आणि शवविच्छेदनात त्याच्या अ‍ॅड्रिनल सुकून गेलेल्या दिसल्या. ऑपरेशनसारख्या ताणाच्या वेळी शरीराला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त कॉर्टिसॉल लागतं आणि त्याच्याकडे ते नव्हतं. आज स्टेरॉइडवरच्या पेशंटला ऑपरेशनच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे कॉर्टिसॉलचंच, इंजेक्शन देतात, त्यामागे असल्या केसेस आहेत.

तर टेपर. नियम ऐकायला सोपा आहे, पहिल्या एक-दोन महिन्यांत 10 एमजीवर यायचं आणि तिथून पुढे महिन्याला साधारण 1 एमजी कमी. आता आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळतात 5 च्या आणि 10 च्या गोळ्या, अडीचची जरा शोधून मिळते, 1 एमजीची मला कुठे मिळाली नाही. त्यामुळे मॅडमनी एक दिवस 10 आणि एक दिवस साडेसात असं लिहून दिलं, म्हणजे सरासरी पावणेनऊ. मग काही आठवड्यांनी रोज साडेसात. मग साडेसात आणि पाच आलटून पालटून. ह्यांनी कालनिर्णयवर प्रत्येक तारखेखाली पेन्सिलने आकडा लिहून ठेवला, आणि मी गोळी घेतली की त्याच्याभोवती गोल करते. साधी गोष्ट आहे पण "आज दहा की साडेसात" हा प्रश्न सकाळी सकाळी डोकं खातो, आणि एका दिवसाआडच्या डोसमध्ये चुकायला वेळ लागत नाही, तेव्हा कुणी घेत असेल तर लिहूनच ठेवा.

एक हिशोब मला फार उशिरा सुचला आणि तो सुचल्यावर बरंच काही सोपं झालं. 20 वरून साडेसतराला यायचं म्हणजे आठवा हिस्सा कमी. 10 वरून साडेसात म्हणजे चौथा हिस्सा कमी. आणि 5 वरून अडीच म्हणजे सरळ निम्मं! गोळीचा तुकडा तेवढाच असतो, शरीराला मात्र ती पायरी खाली खाली जाताना मोठी मोठी होत जाते. त्यात अजून एक भर अशी की निरोगी माणसाचं शरीर रोज जेवढं कॉर्टिसॉल बनवतं ते साधारण 4-5 एमजी प्रेडनिसोलोनच्या तोलाचं असतं. म्हणजे पाचच्या वर आहात तोवर गोळी सगळी कसर भरून काढत असते, पाचच्या खाली गेलात की उरलेलं स्वतःच्या ग्रंथीने द्यायचंय, आणि ती तर अजून अर्धवट झोपेत. लोक म्हणतात "आता पाचच राहिली ना, झालंच की", आणि मला तिथून पुढे सगळ्यात जास्त वेळ लागला, अजून लागतोय.

आणि दुखणं. टेपरमध्ये सगळ्यात अवघड काय असेल तर ते हे, की आज जे दुखतंय ते नेमकं काय आहे ते त्या दिवशी कळत नाही. आजार परत डोकं वर काढतोय? की डोस कमी झाल्याने शरीर कुरकुरतंय? की काल नातवाला कडेवर घेऊन गच्चीवर गेले होते म्हणून? तिन्ही दुखणी खांद्यातच असतात. स्टेरॉइड कमी करताना अंग दुखणं, थकवा, भूक न लागणं, उगाच रडू येणं असं होऊ शकतं, आजार शांत असतानाही होऊ शकतं, आणि ते बरेचदा डोस उतरवल्यावर लगेच सुरू होऊन हळूहळू ओसरत जातं. आजाराचं दुखणं त्याच्या उलट दिवसागणिक चढत जातं, सकाळची आखड परत लांबायला लागते, आणि ईएसआर-सीआरपीही बहुतेक वेळा वर जातात. पण हे सगळं दोन-तीन आठवडे गेल्यावर मागे वळून बघताना दिसतं. त्या दिवशी सकाळी पलंगावर पडल्या पडल्या फक्त दुखत असतं आणि मनात येतं की झालं, परत सगळं पहिल्यापासून.

या सगळ्यात खरा धीर लागला तो इथे. गोळी हळू कमी करण्यात तसं काही नाही, लिहून दिलंय तसं घ्यायचं. पण आजच्या दुखण्यावरून आजच निर्णय करायचा नाही, आज मनाने अर्धी गोळी वाढवायची नाही आणि बरं वाटतंय म्हणून पुढची पायरी आधी घ्यायची नाही, हे रोज सकाळी नव्याने करावं लागतं. मी एक वही केली. त्यात सकाळी आखड किती वेळ होती, हात कुठपर्यंत वर गेला, झोप कशी झाली, एवढंच. दिवसातून एकदाच लिहायचं, कारण दर तासाला हात वर करून बघायला लागलं की खांदा त्यानेच दुखतो. वहीचा फायदा असा झाला की मॅडमकडे गेल्यावर "बरी नाहीये" असं मोघम सांगण्याऐवजी पानं दाखवता आली.

एकदा आजार खरंच परत आला होता. साडेसातवर असताना, वही सांगत होती, रिपोर्टही तेच म्हणाला, आणि मॅडमनी परत दहावर नेलं. मला रिक्षातच रडू आलं. ह्यांनी काही समजूत घातली नाही, नुसतं घरी आल्यावर कालनिर्णयच्या पुढच्या पानांवरचे आकडे खोडरबरने खोडले आणि नवे लिहिले, आणि खरं सांगते, त्याने जेवढं बरं वाटलं तेवढं बोलण्याने वाटलं नसतं. या आजारात पुष्कळ जणांना मध्येच असं वर जावं लागतं, ती अपेक्षित गोष्ट आहे. वर जाऊन शांत झालं की परत उतरायचं, आणि ज्या आकड्यावर मागच्या वेळी अडलो तिथे यावेळी जास्त दिवस थांबायचं.

मॅडमची अजून एक सवय मला फार आवडते. डोस कमी करायची तारीख ठरवताना त्या विचारतात, "या महिन्यात घरात काय आहे?" गौरी-गणपती असतील, दिवाळीची साफसफाई असेल, कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, तर त्या म्हणतात राहू दे, पुढच्या महिन्यात बघू. गणपतीत मी पाचवरच राहिले आणि मोदक केले, सुनेने सारण केलं, मी पाऱ्या केल्या, बसून केल्या. घरच्यांना सुरुवातीला वाटायचं की ही उगाच लांबवतेय. गोळ्यांनी चेहरा गोल झाला होता तेव्हा लग्नात भेटणारे म्हणायचे "तब्येत छान सुधारलीये", रात्री दोनला जाग यायची ती पहाटेपर्यंत, भूक अशी की शेंगदाण्याचा डबा समोर ठेवायची भीती. ते सगळं लवकर जावं असं माझ्याइतकं कुणाला वाटत असणार? शुगर दर थोड्या दिवसांनी तपासायची, हाडांसाठी कॅल्शियम आणि डी, वर्षातून डोळे तपासून मोतीबिंदू-काचबिंदू बघायचा, हे चालूच होतं. म्हणजे हळू उतरायचं याचा अर्थ स्टेरॉइड निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या आईला संधिवात, गावाकडे कुणीतरी आठवडी बाजारात "जडीबुटीची" पुडी देतं, एका पुडीत बाई खुरपायला जायला लागली, सगळा गाव त्या माणसाला दुवा देतो. चेहरा मात्र गोल होत गेला, हातावर जरा लागलं की काळंनिळं. असल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं ही काही नवी गोष्ट नाही. मग तो माणूसच यायचा बंद झाला. काही दिवसांत म्हातारी उठेना, खाईना, उलट्या, चक्कर, आणि सगळे म्हणाले वय झालं. मी मावशींना म्हटलं, आत्ताच्या आत्ता सिव्हिलला न्या आणि डॉक्टरांना पुडीचं सांगा, लपवू नका, उरलेली पुडी असेल तर सोबत न्या. आजी वाचल्या. तिथल्या डॉक्टरांनी स्टेरॉइड परत सुरू करून मग ते रीतसर हळूहळू कमी करायला घेतलं. माझ्याकडे कालनिर्णय आहे, वही आहे, विचारून तारीख ठरवणाऱ्या मॅडम आहेत. त्या आजींना तर आपण स्टेरॉइड घेतोय हेच माहीत नव्हतं, त्यांनी कशाचा धीर धरायचा होता? याचा मला फार राग येतो आणि तो जात नाही.

जे माझ्यासारखे उतरत आहेत त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. पर्समध्ये एक कार्ड ठेवा, त्यावर औषधाचं नाव, डोस, कधीपासून घेताय ते आणि "अचानक बंद करू नये" असं मोठ्या अक्षरात. ताप आला तर त्या दिवसांत डोस वाढवावा लागतो, किती ते आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या, उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी वाट बघत बसू नका, इंजेक्शन लागतं. दात काढायचा असला तरी डेंटिस्टला सांगा. आणि पॉलीमायल्जिया असणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा, की नव्याने डोकं दुखायला लागलं, केस विंचरताना टाळू दुखली, चावताना जबडा भरून आला किंवा नजर अंधूक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, कारण या आजाराच्या जोडीने डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊ शकते आणि त्यात दृष्टी जाऊ शकते. तिथे धीर धरायचा नाही.

सध्या मी अडीचवर आहे. मागच्या महिन्यात सकाळी आठला कॉर्टिसॉलची टेस्ट झाली, आदल्या सकाळनंतर गोळी न घेता, रक्त देऊन झाल्यावर लगेच घ्यायची असं सांगितलं होतं. 2024 मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या हार्मोन तज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात हिशोब असा आहे की आकडा 10 मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ग्रंथी जागी झाली, गोळी बंद करता येते, 5 च्या खाली असेल तर अजून बरेच महिने, आणि मधे असेल तर आहे तोच डोस चालू ठेवून काही आठवड्यांनी परत बघायचं. आधी पिट्युटरी जागी होते, अ‍ॅड्रिनल तिच्या मागून, आणि या सगळ्याला वर्षभरही लागू शकतं. माझा आकडा सात आला. मी मॅडमना विचारलं, म्हणजे चांगलं की वाईट? त्या म्हणाल्या, काम सुरू झालंय. ह्यांनी कालनिर्णयवर पुढच्या टेस्टच्या तारखेपर्यंत प्रत्येक चौकोनात अडीच लिहून ठेवलंय.